तुरीची वांझ रोग चाचणी: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सोलापुरात तुरीच्या वाणांवर काम सुरू करताना एक गोष्ट पक्की धरा: झाड हिरवंगार दिसलं म्हणून वाण प्रतिकारक ठरत नाही. रोग तिथवर पोचलाच नसेल तर? वांझ रोगात झाड वाढतं पण फुलत नाही, आणि त्याचा विषाणू बियाण्यातून येत नाही. त्याला वाहून न्यायला एरिओफिड कोळी लागतो, आणि तो जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

म्हणून हे कोळी आपणच प्रत्येक रोपावर सोडायचे, आणि त्यासाठी हाती स्टेपलर घ्यायचा. रोप १० ते १२ दिवसांचं, पहिली दोन साधी पानं उघडलेली हवीत. रोगट पान असं दुमडायचं की त्याची खालची बाजू रोपाच्या पानाला वरून-खालून टेकेल, मग पिन मारायची. दोन्ही पानांना. कोळी पानाच्या खालच्या बाजूलाच असतात. तोडलेलं पान सुकू लागलं की ते ताज्या पानावर सरकतात, सगळी किमया एवढीच. पण पानं पिशवीत घेऊन दुपारभर उन्हात हिंडलात, तर ते पिशवीतच संपतात. सकाळी तोडा, लगेच लावा. आधी चार-पाच पानं सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कोळीच नसतील तर दिवसभर नुसत्या पिना मारल्या म्हणायचं.

जूनमध्ये अशी पानं हवीत तर रोगट तुरीचा एक पट्टा उन्हाळाभर पाणी देऊन जगवावा लागतो. त्यावर गंधकाची फवारणी चुकूनही नको, कोळी मरतात.

दर दहा ओळींनंतर आयसीपी ८८६३, म्हणजे 'मारुती', पेरा. मर रोगाला हा वाण दाद देत नाही, वांझ रोगाला मात्र हमखास बळी पडतो. तोच निरोगी राहिला, तर त्या हंगामाचे आकडे फेकून द्या. कितीही जिवावर आलं तरी.

नोंद घेताना रोगट झाडांची टक्केवारी काढतात: १० पर्यंत प्रतिकारक, ३० पर्यंत मध्यम, पुढे बळी पडणारा. इथल्या चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की शेंडा पिवळा होतो, आणि नवखा त्यालाच रोग समजतो. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात. वांझ रोगात हिरवे-पिवळे चट्टे पडतात, पानं बारीक होतात, झाड झुडपासारखं वाढतं आणि फुलत नाही. काही वाणांवर नुसती वलयं उमटतात आणि पुढे विरतात. ती वेगळ्या रकान्यात लिहा.

बंगळूरकडचा विषाणू हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या विषाणूपेक्षा जहाल आहे. म्हणून रोगट पानं कुठल्या गावच्या झाडांची, हेही वहीत लिहून ठेवा.