ओफादा भात आणि आयामाशे: पामतेलाचा लाल रंग कसा घालवावा

नायजेरियाच्या नैर्ऋत्येला ओगुन राज्यात ओफादा नावाचे गाव आहे. त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा आखूड, जाड, अंगावर तपकिरी रेषा असलेला तांदूळ योरुबा लोकांच्या लग्नसमारंभांत आणि लेगोसच्या खानावळींत मानाने वाढला जातो. त्याच्या जोडीला असते हिरव्या मिरच्यांचे झणझणीत कालवण, आयामाशे. त्याचे नाव याच राज्यातील इकेन्ने गावाशी जोडले जाते. या कालवणात टोमॅटो घाला, मिरच्या गंधासारख्या वाटा, तेल कोणतेही चालेल, असे सल्ले सर्रास दिले जातात. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि त्यांतला तिसरा तर पदार्थाचा गाभाच काढून घेतो.

पाच जणांसाठी 2 वाट्या तांदूळ, 6 हिरव्या ढोबळी मिरच्या, 4 ते 5 हिरव्या अता रोडो म्हणजे तिकडच्या जहाल तिखट मिरच्या, 3 कांदे, 300 मिलिलिटर लाल पामतेल, 3 मोठे चमचे इरू, 2 चमचे सुक्या झिंग्यांची पूड, 5 उकडलेली अंडी आणि अर्धा किलो मांस घ्यावे. तिकडे गोमांस, शाकी म्हणजे वजडी, आणि पोन्मो म्हणजे गायीचे शिजवलेले कातडे एकत्र घालतात. महाराष्ट्रात बोकडाचे मटण आणि वजडी घेऊन हे कालवण उत्तम होते. अता रोडो न मिळाल्यास लवंगी मिरची तिखटपणा देईल, त्या मिरचीचा फळासारखा सुगंध मात्र देणार नाही. इरू म्हणजे एका आफ्रिकी वृक्षाच्या शेंगांतील आंबवलेल्या बिया. त्यांचा वास उग्र असतो आणि त्याला पर्याय नाही. कुटलेल्या इरूपेक्षा अख्ख्या दाण्यांचा, ज्याला इरू वोरो म्हणतात, तोच येथे घ्यावा.

मांस कांदा व मीठ घालून शिजवावे आणि त्याचे पाणी राखून ठेवावे. ढोबळी मिरच्या, अता रोडो आणि एक कांदा जाडसर भरडावा, आणि ते भरड पातेल्यात घालून त्यातले पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवावे. पाणी राहिले तर मिश्रण तेलात परतले जात नाही, नुसते उकडते.

आता तेल. हा टप्पा हाती बसायला मला बराच काळ लागला, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. लाल पामतेलाचा रंग कॅरोटिनचा असतो. उष्णतेने ते कॅरोटिन मोडते, तेल फिकट सोनेरी होते आणि त्याला जी खमंग, किंचित धुरकट चव येते, तीच आयामाशेची ओळख आहे. आपल्याकडे पिशवीत मिळणारे शुद्ध केलेले पामतेल आधीच रंगहीन आणि चवहीन असते. ते वापरल्यास मिरच्यांची साधी भाजी होईल.

जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे आणि आतून पूर्ण कोरडे पातेले घ्यावे. नॉनस्टिक भांडे येथे मुळीच वापरू नये. तेल पातेल्याच्या एक तृतीयांशापेक्षा वर येता कामा नये. खिडक्या उघडाव्यात, मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे, झाकण लावावे आणि मध्यम आचेवर तेल तापू द्यावे. एवढ्या तेलाला साधारण 10 ते 15 मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा नाकावर आणि डोळ्यांवर भिस्त ठेवावी: कच्च्या तेलाचा वास जाऊन झाकणाच्या कडेने धुराची बारीक रेघ दिसू लागली की त्याच क्षणी गॅस बंद करावा.

यानंतर झाकण उघडू नये. रंग बदलला का हे पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो, परंतु तापलेल्या तेलाला एकदम हवा मिळाली की घरभर डोळे झोंबवणारा धूर होतो आणि तेल पेट घेण्याचाही धोका असतो. तेल पेटलेच तर पाणी कधीही ओतू नये. गॅस बंद करून झाकण तसेच ठेवावे. अर्ध्या तासाने, भांडे निवल्यावर, चमचाभर तेल पांढऱ्या बशीत घालून पाहावे. ते पारदर्शक सोनेरी दिसले पाहिजे. अजून लाल असल्यास पुन्हा थोडे तापवावे. काळपट आणि कडू वासाचे झाले असल्यास टाकून द्यावे, कारण ती कडवट चव कोणत्याही मसाल्याने झाकली जात नाही. या प्रक्रियेत तेलातील पोषक कॅरोटिन नष्ट होते, त्यामुळे हा पदार्थ सणासमारंभाचाच ठेवावा, रोजचा करू नये.

निवलेले तेल पुन्हा मंद तापवून त्यात उरलेले कांदे चिरून परतावेत, इरू घालावे, मग आटवलेले भरड घालून तेल कडेने सुटेपर्यंत, सुमारे 15 मिनिटे, परतावे. मांस, झिंग्यांची पूड, मीठ आणि राखलेले थोडे पाणी घालून कालवण दाट होऊ द्यावे; अंडी शेवटी सोडावीत. वर तेलाचा थर दिसलाच पाहिजे.

ओफादा तांदळात खडे असतात, म्हणून तो निवडून अनेकदा धुवावा. भरपूर पाण्यात 10 मिनिटे उकळून ते पाणी ओतून द्यावे आणि नव्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवावा. भिजवताना व उकडताना थोडा आंबल्यामुळे त्याला स्वतःचा वास असतो; तो घालवण्यासाठी मसाले घालणे चूक आहे. कोकणातील किंवा गोव्यातील लाल उकडा तांदूळ त्याची जागा बऱ्यापैकी घेतो. योरुबा घरांत हा भात एवे एरान या रुंद पानात गुंडाळून वाढतात. आपल्याकडे केळीचे पान विस्तवावर शेकून घ्यावे.

सोबत डोडो हवेच. सालीवर काळे डाग पडलेली, पूर्ण पिकलेली भाजीची केळी तिरपी कापून तेलात लालसर तळावीत. वसईकडची राजेळी मिळाल्यास तीच घ्यावी. भात, कालवण आणि डोडो एकाच पानावर, गरम असतानाच वाढावे.