‘जेन एअर’कडे आडवाटेने कसे जावे

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ (१८४७) उघडून पहिल्या काही प्रकरणांतच मिटून ठेवली असेल, तर तिच्याकडे जास्पर फोर्ड यांच्या ‘द एअर अफेअर’ (२००१) या कादंबरीच्या वाटेने जावे. या कादंबरीतल्या कल्पित इंग्लंडमध्ये, १९८५ साली, एक खलनायक मूळ हस्तलिखितातून चक्क जेनलाच पळवून नेतो आणि साहित्यविषयक गुन्हे तपासणारी थर्स्डे नेक्स्ट तिच्या शोधाला लागते.

आधी ही कादंबरी सलग वाचून काढावी, प्रत्येक संदर्भापाशी अडू नये. जिथे लेखक विनोद करतो आहे हे कळते पण हसू येत नाही, तिथे पेन्सिलीने खूण तेवढी करावी.

मग एकच खूण निवडावी. लहानगी थर्स्डे ‘जेन एअर’ या पुस्तकात शिरते, तिच्यामुळे त्या कादंबरीचा नायक रॉचेस्टर याचा घोडा बुजतो आणि घसरतो, हा प्रसंग घ्या. मूळ कादंबरीचे बारावे प्रकरण काढले (ती ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर विनामूल्य मिळते) की जानेवारीतली थंडी, पत्र टाकायला निघालेली जेन आणि वाटेवरचा बर्फ एवढेच दिसते, घोड्याला बुजवणारे तिथे कोणीच नाही. पडलेला स्वार तिच्या खांद्याचा आधार घेत घोड्यापर्यंत लंगडत जातो आणि हाच आपला मालक, हे तिला ठाऊक नसते. हे पान आवडले, तर पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करावी. फोर्ड यांच्या कथेत जेन पळवली जाताच पुस्तकातला मजकूर का थांबतो, हे सारी कथा सांगणारे तिचे ‘मी’ ऐकू लागल्यावर आपोआप उमगते.

सावधगिरी दोन बाबतींत हवी. रॉचेस्टरच्या थॉर्नफिल्ड या वाड्याच्या माडीवरचे रहस्य फोर्ड बेधडक फोडतात. ते जपायचे असेल, तर ही वाट घेऊ नये. शिवाय त्यांच्या जगातली जेन आधी सेंट जॉन रिव्हर्स या धर्मोपदेशकाबरोबर हिंदुस्थानात निघून जाते. मूळ जेन त्याच्या सांगण्यावरून हिंदुस्तानी शिकू लागते खरी (हा भाग आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम वाचावा), पण पस्तिसाव्या प्रकरणात तिला आलेली हाक सारे बदलते.

फोर्ड यांच्या याच कादंबरीत डोकावणाऱ्या, डिकन्सच्या जाडजूड ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीकडे मात्र इतक्यात वळू नये, आणि वळलात तरी क्वेव्हर्ली नावाचे पात्र शोधत बसू नये. फोर्ड यांच्या कथेत त्याचा खून झाल्यामुळे ते सगळ्या प्रतींतून नाहीसे झालेले आहे.