एसबीएफ दुधी झालं की सरळ ओतून द्या

आमच्या माटुंग्याच्या लॅबमध्ये कुणी नवीन आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, स्कॅफोल्ड किती दिवस बुडवायचं?" ते नंतर बघू. पीसीएलच्या (पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकच्या) स्कॅफोल्डवर, म्हणजे सच्छिद्र सांगाड्यावर, हाडातल्यासारखा ॲपेटाइटचा (कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचा) थर चढवायचा, तर आधी एसबीएफ (सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड) जमलं पाहिजे. रक्तातल्या प्लाझ्मात जे क्षार असतात, जवळपास त्याच प्रमाणात ते असलेलं हे पाणी. कृती जपानी संशोधक कोकुबो यांची, जगभर चालते.

बीकर प्लास्टिकचं घ्या, तेही ओरखडे नसलेलं. काचेवर आणि ओरखड्यांवर ॲपेटाइट आधी जमतं, स्कॅफोल्ड राहतं बाजूला. एका लिटरसाठी ७०० मिली डिस्टिल्ड वॉटर ३६.५ अंशांवर ठेवा आणि या क्रमाने टाकत जा: सोडियम क्लोराइड, सोडियम बायकार्बोनेट, पोटॅशियम क्लोराइड, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड, मग हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यानंतरच कॅल्शियम क्लोराइड, सोडियम सल्फेट आणि पीएच सांभाळणारं ट्रिस. एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. ॲसिडच्या आधी कॅल्शियम पडलं तर ते फॉस्फेटला धरून खाली बसतं.

कॅल्शियम क्लोराइड लागतं फक्त ०.२९२ ग्रॅम, पण जुलैत खरा घोळ इथेच होतो. बाटली उघडी टाकून चहाला गेलात तर परत येईपर्यंत ते पाझरायला लागलेलं असतं; मग तराजू कॅल्शियमबरोबर मुंबईची हवाही तोलतो. डेसिकेटरमधून (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढा, झटपट वजन करा, झाकण लावा.

ट्रिस ६.११८ ग्रॅम, चिमूट चिमूट. पीएच मीटरवरून नजर हटवू नका, ७.४५ च्या वर जाऊ द्यायचा नाही, शेवटी ७.४० वर आणायचा. मग पाणी भरून लिटर पुरं करा. सोल्युशन पाण्यासारखं नितळ हवं. किंचित दुधी दिसलं की "मॅडम, गाळून घेऊ का?" असं विचारणारा एक तरी असतोच. गाळून काय उपयोग? हवं होतं ते कॅल्शियम तर फिल्टरवर राहिलं! ओतून द्या. नितळ असेल तर फ्रीजमध्ये ५ ते १० अंशांवर ३० दिवस टिकतं.

पीसीएलला पाण्याचं वावडं. म्हणून आधी सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा. पृष्ठभागावर कार्बोक्सिल गट उघडे पडतात आणि कॅल्शियम त्यांना चिकटतं. धुण्याचं पाणी न्यूट्रल येईपर्यंत धुवा. मग स्कॅफोल्ड एसबीएफमध्ये बुडवून व्हॅक्यूम लावा, छिद्रांतून बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मी ते उभं टांगते, नाहीतर गाळ वर बसतो आणि लोक त्यालाच कोटिंग समजतात. दर दोन दिवसांनी सोल्युशन बदला. आठवडा-दोन आठवडे लागतात.

वाळवायला ओव्हन नको, पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं.

वजन वाढलं म्हणून लगेच खूश होऊ नका, ते मीठही असू शकतं. ईडीएसमध्ये (कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणाऱ्या तपासणीत) सोडियम-क्लोरीन ठळक दिसले तर धुणं कमी पडलंय. एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीत) २६ आणि ३२ अंशांजवळ पसरट शिखरं यायला हवीत. सेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) वरून फुलकोबीसारखे गोळे सगळ्यांनाच मिळतात, त्यावर माझा विश्वास नाही. एक स्कॅफोल्ड लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून मोडा (ब्लेडने कापलं तर कडा लिंपल्या जातात) आणि मधला भाग बघा. तिथे नुसतं गुळगुळीत पीसीएल दिसलं, तर पुढच्या बॅचला व्हॅक्यूम जास्त वेळ द्या.