सुप्रीम कोर्ट समजून घेताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत वाड्याचा दावा तिसऱ्या पिढीत पोहोचला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "आता दिल्लीलाच जाऊ!" जिल्हा न्यायालय झालं, एमजी रोडवरचं हायकोर्ट झालं, पुढचा थांबा तिलक मार्गावरचं सुप्रीम कोर्ट. पहिली चूक इथेच होते. बहुतेक प्रकरणांत सुप्रीम कोर्टात अपील हा हक्क नसतो. घटनेच्या कलम 136 खाली आधी परवानगी मागावी लागते. ती विशेष अनुमती याचिका, वकिलांच्या तोंडी एसएलपी. हायकोर्टाच्या निकालापासून साधारण 90 दिवसांत ती दाखल करायची, आणि अनेक एसएलपी पहिल्याच सुनावणीत, काही मिनिटांत निकाली निघतात.

अशी एसएलपी फेटाळली गेली की बातमीचा मथळा येतो, 'सुप्रीम कोर्टाचे शिक्कामोर्तब'. बहुतेक वेळा हे खोटं असतं. कारणं न देता याचिका फेटाळली, तर तेवढ्याने हायकोर्टाचं म्हणणं बरोबर ठरत नाही. अपील ऐकायला परवानगी मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. न्यायालयाने हे 2000 साली कुन्हयाम्मद प्रकरणात स्वच्छ सांगितलं आहे.

27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठाच्या (किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या) सुनावण्या थेट दिसू लागल्या आणि व्हॉट्सअॅपवर तुकडे फिरू लागले: 'जज साहेबांनी सरकारला झापलं.' झापलं असेलही. पण न्यायमूर्ती वकिलाचा मुद्दा तपासायला मुद्दाम उलटे प्रश्न विचारतात. कलम 141 प्रमाणे देशभर बंधनकारक असतो तो निकालात घोषित केलेला कायदा, सुनावणीतले शेरे नव्हेत. छापील निकालाच्या डोक्यावरचा सारांशसुद्धा संपादकांचा असतो. तो वाचून वाद घालायला जाऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अभ्यासाला केशवानंद भारतीपासून, म्हणजे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या निकालापासून, सुरुवात करणे. 1973 चा तो निकाल 13 न्यायमूर्तींचा, 7 विरुद्ध 6. नवख्याची दुसऱ्या दिवशीच दांडी गुल! त्यापेक्षा आपल्याच गावचं प्रकरण घ्या.

शाहबानो इंदूरच्या. एप्रिल 1978 मध्ये त्यांनी पतीविरुद्ध (तेही वकीलच) दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली इथल्या दंडाधिकाऱ्यांकडे महिना 500 रुपये पोटगी मागितली. ऑगस्ट 1979 मध्ये मंजूर झाले 25 रुपये. जुलै 1980 मध्ये हायकोर्टाने ते 179 रुपये 20 पैसे केले. आता विचारा, दिल्लीला कोण गेलं? दहातले नऊ जण शाहबानोंचं नाव घेतील. गेले होते त्यांचे पती. म्हणून निकालाचं पहिलं पान नीट वाचायचं: अपीलकर्ता कोण, प्रतिवादी कोण. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम 125 ची पोटगी मिळते, असं सांगणाऱ्या आधीच्या निकालांबद्दल 1981 मध्ये दोन न्यायमूर्तींना शंका आली, म्हणून त्यांनी प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं. मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला मोडता येत नाही. 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने अपील फेटाळलं आणि खर्चापोटी 10,000 रुपये द्यायला लावले. पोटगीची रक्कम वाढवली नाही. परिस्थिती बदलल्याचं दाखवून वाढीचा अर्ज खालीच करा, असं सुचवलं. पुढे संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी 1986 चा कायदा केला, 2001 मध्ये घटनापीठाने तो वैध ठरवला, पण अर्थ असा लावला की घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद पतीला इद्दतीच्या (घटस्फोटानंतरच्या साधारण तीन महिन्यांच्या) मुदतीतच करावी लागेल. पीठ, संसद, पुन्हा पीठ: न्यायालय कसं चालतं ते या एका फाइलीत जेवढं दिसतं, तेवढं गाइडांच्या गठ्ठ्यात नाही.

पाच न्यायमूर्ती हे रोजचं चित्र नव्हे. 2019 मध्ये सरन्यायाधीशांसह पदं 34 झाली, तरी एरवी दोन किंवा तीन जणांचं पीठ बसतं. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असला तर कलम 145(3) प्रमाणे किमान पाच.

प्रकरण संकेतस्थळावर सापडत नसेल, तर बहुधा तुम्ही डायरी क्रमांक प्रकरण क्रमांकाच्या रकान्यात टाकला आहे. हे दोन वेगळे असतात: दाखल करताना डायरी क्रमांक मिळतो, नोंदणी झाल्यावर प्रकरण क्रमांक. दोन्ही हाताशी नसतील तर पक्षकाराच्या नावाने शोधा, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून. आपल्याकडची 'कर'ने संपणारी आडनावं तिथे फार हाल खातात.