कमी पैशांतला चित्रपट पुरा करताना : कागद आधी, पोस्टर नंतर

गोव्यात राहून, बहुतेक गोव्यातलीच माणसे हाताशी घेऊन मराठी किंवा कोकणी चित्रपट करणाऱ्यांसाठी ही यादी आहे. कॅमेरा, जेवण, गाड्या यांविषयी तीत काही नाही, कारण ते ज्याचे त्याला कळते. चित्रीकरण आटोपल्यापासून पहिला खेळ लागेपर्यंत काय काय हाताशी असावे, एवढाच विषय आहे.

सर्वांत आधी कागद. गोव्यात प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी लागतो. घुमट वाजवणारा मामाच्या वाड्यावरचा, ज्याचे घर चित्रीकरणाला वापरले तो वडिलांचा मित्र, आणि गाणारी बाई आपल्याच शाळेतली शिक्षिका. अशा माणसांपुढे करारपत्र ठेवणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वाटून आपण गप्प बसतो आणि तीही ‘आमचोच भुरगो, सही कित्याक?’ (आपलाच पोर, सही कशाला?) म्हणून मोकळी होतात. कायद्याला हा स्नेह कळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. शिवाय नुसता कागद करूनही भागत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता धरला जातो, आणि वेगळे काही नमूद नसेल तर एका वर्षात न वापरलेला हक्क आपोआप संपतो. कमी पैशांतला चित्रपट एका वर्षात पुरा होतो कुठे? संकलकाला दुसरे काम मिळते, पावसाळा येतो, पैसे आटतात, आणि तेवढ्यात गाण्याचा कागद फायलीत पडल्या पडल्या निकामी होतो. म्हणून मुदत, प्रदेश आणि ‘एका वर्षाची अट लागू नाही’ ही तीन वाक्ये प्रत्येक कागदावर आहेत की नाहीत, हे सही घेण्याआधी बोट ठेवून वाचावे.

कागद कोणाकोणाकडून घ्यायचा? पटकथा व संवाद लिहिणारे, गीतकार, संगीतकार, गायक, वादक, लहानमोठे सगळे कलाकार आणि घरमालक यांच्याकडून तर घ्यायचाच. भिंतीवर टांगलेला फोटो ज्याने काढला, त्यालाही विसरू नये. जुनी ओवी किंवा आरती कोणा एकाच्या मालकीची नसली तरी तुमच्या चित्रपटात ती ज्याने गायली त्याचे गायन त्याचे असते, आणि तिला ज्याने चाल लावली त्याची चालही त्याची असते. ‘परंपरागत’ एवढा शब्द श्रेयनामावलीत टाकून हा प्रश्न सुटत नाही. उलट बाजूने अतिशहाणपणही करू नये : २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी मानधनाचा जो वाटा मिळतो, तो त्यांच्याकडून लिहून घेऊनही काढून घेता येत नाही, त्यामुळे ‘सर्व हक्क कायमचे, विनामोबदला’ असला मसुदा कुठून तरी उतरवून आणू नये.

तावेर्नातल्या, म्हणजे दारूच्या गुत्त्यातल्या, प्रसंगात मागे रेडिओ वाजत असेल तर तो चित्रीकरणाच्या वेळीच बंद करवून घ्यावा. संवादाबरोबर ध्वनिमुद्रित झालेले गाणे नंतर सहजासहजी वेगळे काढता येत नाही आणि त्याची परवानगी मागायला गेले की आपल्या सबंध संगीताहून मोठा आकडा समोर येतो. हे एवढे घोळवून सांगण्याचे कारण असे की, ध्वनिमिश्रण पुरे झाल्यावर एखादे गाणे काढून ते सारे पुन्हा करण्याचा खर्च आम्ही एकदा भरला आहे. तेव्हा पुन्हा सांगतो : सही, मुदत, प्रदेश, एक वर्ष.

फुटेजच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावात. किनाऱ्याजवळची खारी हवा आणि जूनमध्ये सारखी जाणारी वीज यांचे कारण वेगळे सांगायला नको.

ध्वनीकडे मात्र नीट बघावे. प्रत्येक जागेची, कोणी काही न बोलता, निदान मिनिटभराची शांतता मुद्रित केलेली असावी. ती नसेल तर सकाळच्या प्रसंगात दोन वाक्यांच्या मध्ये घुसलेला पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) पों-पों काढल्यावर तिथे भोक पडते आणि ते बुजवायला हाताशी काही नसते. पावसाळ्यात पत्र्याखाली घेतलेले संवाद वाचतील, अशी आशा धरू नये. डबिंगचे पैसे आधीच बाजूला काढावेत. संवाद, संगीत आणि इतर आवाज यांचे वेगवेगळे ट्रॅक स्टुडिओतून मागून घ्यावेत, कारण पुढे दुसऱ्या भाषेत चित्रपट करायचा झाला तर तेच लागतात.

चित्रपटगृहासाठी डीसीपी, म्हणजे पडद्यावर दाखवण्याची डिजिटल प्रत, लागतो आणि चित्रपटगृहांचा सर्वसाधारण वेग सेकंदाला २४ फ्रेम असतो. तुम्ही २५ ने चित्रीकरण केले असेल तर ते संकलकाला पहिल्याच दिवशी सांगा, शेवटच्या आठवड्यात नव्हे. इंग्रजी उपशीर्षके भाषा जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्यावीत; ‘चवथ’ (गणेशचतुर्थी) आणि ‘शिगमो’ (शिमगा) यांचे यंत्राने काय केले आहे ते एकदा वाचून पाहावे. तयार डीसीपी लॅपटॉपवर नव्हे, खऱ्या पडद्यावर पाहावा.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन करता येतो. चित्रपटात कोंबडा, बैल, कुत्रा काहीही दिसणार असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधीच घ्यावी लागते. बैल विकला गेल्यावर ती कुठून आणणार? कोणी विडी ओढताना दिसत असेल तर सुरुवातीच्या व मध्यंतराच्या आरोग्यसूचना आणि त्या दृश्यावरची इशाऱ्याची ओळ लागते. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) प्रमाणपत्राला ७, १३ आणि १६ असे वयाचे तीन टप्पे आहेत, त्यांतला कोणता आपल्याला चालेल ते ठरवून ठेवावे. प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात फेरफार केला तर पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे जावे लागते. म्हणजे गाण्याचा कागद नाही हे तोपर्यंत ध्यानात आले नसेल, तर भुर्दंड दोनदा बसतो. कागद, कागद, कागद.

इफ्फी, म्हणजे नोव्हेंबरात भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात आहे आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार हा चित्रपटांच्या खरेदी-विक्रीचा मेळावाही त्याच सुमारास इथेच भरतो, म्हणून आपला नंबर लागेलच असे समजू नये. अर्जांच्या मुदती नोव्हेंबरच्या कितीतरी आधी संपतात. अपुऱ्या चित्रपटांसाठी फिल्म बाजारात वेगळा विभाग असतो, तिथे कच्चे संकलनही चालते. तो मार्ग अवश्य पाहावा. पुष्कळ महोत्सवांना पहिला खेळ आपल्याकडेच व्हावा असे वाटते, तेव्हा उत्साहाच्या भरात चित्रपट यूट्यूबवर चढवू नये, पासवर्ड असलेली लिंक पाठवावी. निवड झाली की हक्कांची कागदपत्रे मागतात, आणि ओटीटीवाले तर त्याशिवाय पुढे बोलतच नाहीत.

प्रसिद्धीचे थोडक्यात. पोस्टर मोबाइलवर अंगठ्याएवढे झाले तरी नाव वाचता आले पाहिजे. ट्रेलर दोन मिनिटांच्या आत. चित्रीकरणाच्या वेळचे चांगले फोटो, म्हणजे चित्रपटातून कापून काढलेल्या चौकटी नव्हेत. वर्तमानपत्रांना मजकूर टाइप करून द्यावा, पीडीएफ नको. चवथीच्या आठवड्यात खेळ लावू नये. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की नाटकांना जमणाऱ्या गर्दीत पत्रके वाटावीत, तो प्रेक्षक पैसे देऊन बसणारा असतो. रवींद्र भवनासारख्या ठिकाणी खेळ लावायचा असेल तर प्रोजेक्टर आणि स्पीकर स्वतः जाऊन पाहावेत, डिस्क आदल्या दिवशी पोचवावी, निदान पहिली दहा मिनिटे लावून पाहावीत, आणि प्रश्नोत्तरे ठेवायची असतील तर सभागृह अर्धा तास जास्त मागून घ्यावे.