बाळाच्या लसीवर बातमी लिहिताना

आरोग्याची बीट, म्हणजे त्या विषयाच्या बातम्यांची जबाबदारी, नव्याने मिळालेली मुलं-मुली मला हमखास विचारतात, "मॅडम, लसीकरणाच्या बातमीत दोन्ही बाजू द्यायच्या ना?" पत्रकारितेच्या वर्गात तसंच शिकवलेलं असतं आणि राजकारणाच्या बातमीत ते बऱ्यापैकी चालतंही. लसीच्या बाबतीत मात्र याच सवयीने ब्रिटनमधल्या पालकांची दिशाभूल झाली.

१९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझम) असू शकतो, असं सुचवलं. पुढे डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली गेली, असा संबंध आढळला नाही. तरी अनेक बातम्यांत एक डॉक्टर बाजूने, एक विरोधात अशीच मांडणी होत राहिली. वाचणाऱ्या आईला वाटणार, डॉक्टरांतच एकमत नाही! पुरावा एका पारड्यात इतका जड असताना दोघांना सारखी जागा देणं हाही पक्षपातच. याच प्रकरणात ब्रायन डीअर या पत्रकाराने कागदपत्रं खणून काढली आणि लसकंपन्यांविरुद्ध दावा लढणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डना पैसे मिळत होते, हे २००४ मध्ये उघड केलं. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांची डॉक्टर म्हणून नोंदणीही रद्द झाली. तुम्हाला शिकायचं असेल तर डीअर यांच्याकडून शिका.

उलट्या बाजूचा पक्षपात आपल्याकडे जास्त दिसतो. प्रेसनोट आली की "लस पूर्णपणे सुरक्षित" हे वाक्य जसंच्या तसं छापायचं. पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या, सुईनंतर ताप येतो, मांडी सुजते, हे लिहा. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ डोसामुळे फारच क्वचित, पण लुळेपणा येऊ शकतो, तेही किती क्वचित हे सांगून लिहा. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. ती चूक माणसांची होती, लसीची नव्हती. बातमीत दोन्ही गोष्टी ठळक यायला हव्यात. आपण दडवलं की तेच व्हॉट्सॲपवर दहापट होऊन फिरतं.

मला सर्वांत जास्त छळतो तो तिसरा प्रकार. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवर पसरला, गोवंडीत मुलं दगावली, आणि एका विशिष्ट समाजाचा लसीला विरोध आहे, असं लिहून लोक मोकळे झाले. तिथल्या एका गल्लीत एका बाईने मला प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाळाचं कार्ड काढून दाखवलं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे रकाने भरलेले, नऊ महिन्यांचा, म्हणजे गोवराच्या लसीचा, कोरा. साडेतीन महिन्यांच्या सुईनंतर बाळ दोन रात्री तापाने फणफणलं होतं. ताप येईल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, वर कामाचे खाडे झाले. यात विरोध कुठे आहे? कार्ड बघायला मागा. कोणता रकाना कोरा आहे ते कळलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

लसीकरणानंतर मूल दगावल्याची बातमी आली, तर "लसीने घेतला बाळाचा बळी?" असा मथळा डेस्कला, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्यांना, देऊ देऊ नका. प्रश्नचिन्हाने आरोप पुसला जात नाही. त्याच सत्रात, त्याच कुपीतून आणखी किती मुलांना डोस दिला, ती कशी आहेत, बॅच नंबर काय, हे आधी विचारा. आईवडिलांशी बोला, पण दुखवट्याच्या घरात कॅमेरा रोखू नका. चौकशी समितीचा निष्कर्ष यायला वेळ लागतो, तोवर सगळे विसरलेले असतात. म्हणून डायरीत नोंद ठेवून पाठपुरावा करा आणि निष्कर्षाची बातमी पहिल्या बातमीच्याच पानावर मागा. डेस्क कुरकुर करेल, तरी मागा.