शेडमागचा जुना गँग मोवर: दुरुस्त करायचा की दुसरं यंत्र घ्यायचं?

आमच्या मैदानाच्या शेडमागे तीन युनिटचा गँग मोवर (ट्रॅक्टरमागे ओढायचं, कापणीची युनिटं एकत्र जोडलेलं गवत कापायचं यंत्र) दहा वर्षं ताडपत्रीखाली पडून होता. दर मे महिन्यात कमिटीत विषय निघायचा. कोणी म्हणायचं भंगारात काढा, कोणी म्हणायचं रंग मारून चालू करा. यंत्र उघडून मात्र कोणीच पाहत नव्हतं. बडोद्यात अजून कोणाच्या शेडमागे असा मोवर असेल, तर आम्ही ज्या क्रमाने गेलो तो क्रम उपयोगी पडेल.

आधी मैदान मोजा

यंत्राला हात लावण्याआधी हिशेब करा. ६५ मीटर त्रिज्येचं क्रिकेटचं मैदान म्हणजे सुमारे १३,००० चौरस मीटर, सव्वातीन एकर. तीन युनिटची गँग साधारण २.१ मीटर रुंद कापते. ट्रॅक्टर ताशी ८ किलोमीटरने चालवला तर वळणांसकट तासाभरात मैदान होतं. तेच मैदान २१ इंची, मागे चालत ढकलायच्या मोवरने करायचं तर वळणं सोडूनच सहा तासांच्या वर जातात. मैदान अर्ध्या एकराचं असेल, तर गँग मोवरचा विचार इथेच सोडा.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा कापायला माणूस आणि ट्रॅक्टर मिळणार आहे का? एका वेळी गवताच्या उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. २५ मिलिमीटरवर ठेवायचं असेल, तर ३७-३८ मिलिमीटर होण्याआधी मोवर फिरला पाहिजे. गणपतीला ज्या दूर्वा वाहतो तीच आपल्या मैदानावरची हरळी, आणि जुलैत ती कोणासाठी थांबत नाही. गँग मोवरचा सिलिंडर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंडगोल, गुडघ्याएवढं वाढलेलं गवत कापत नाही. ते रोलरखाली आडवं होतं आणि मोवर गेल्यावर पुन्हा उभं राहतं. महिन्यातून एकदाच कापणं शक्य असेल, तर कितीही सुंदर दुरुस्त केलेला गँग मोवर तुमच्या कामाचा नाही.

यंत्र काम कसं करतं

इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने १८३० मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना त्याला गिरणीत लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरची वळणदार पाती खालच्या स्थिर पट्टीला, म्हणजे बॉटम ब्लेडला, घासत जातात आणि मधलं गवत कात्रीसारखं कातरलं जातं. रोटरी मोवरचं पातं मात्र वेगाच्या जोरावर गवत तोडतं.

आमच्यासारख्या जुन्या गँगमध्ये इंजिन नसतं, पीटीओही (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) लागत नाही. जमिनीवर चाक फिरतं आणि गिअरमधून सिलिंडर फिरवतं. त्यामुळे ट्रॅक्टर हळू न्या की जोरात, दर मीटरला काप तेवढेच पडतात. जोरात नेऊन कट सुधारत नाही. युनिट उसळतं आणि मैदानावर लाटा उमटतात. ओल्या काळ्या मातीत चाक घसरलं तर सिलिंडरच थांबतो. पाऊस पडून गेल्यावर जमीन वाफशावर येईपर्यंत थांबावंच लागतं.

तासाभराची तपासणी

जाड चामडी हातमोजे घाला आणि सिलिंडरमध्ये लाकडी पाचर अडकवा. एका टोकाला तुम्ही पातं हलवलं की दुसऱ्या टोकाचंही फिरतं, आणि तिथे मदतनिसाची बोटं असू शकतात. हे घाईत विसरलं जातं, म्हणून आधीच सांगतो.

प्रत्येक युनिट ठोकळ्यांवर उचला. पाचर तेवढ्यापुरती काढा, हात पात्यांपासून लांब ठेवा आणि चाक हाताने फिरवा. सिलिंडर फिरतो का, कुठे खरखर येते का, ते ऐका. पुन्हा पाचर घालून सिलिंडरचं टोक वर-खाली हलवून पाहा. खटखट आली तर बेअरिंग गेलं. त्याची फार काळजी नको. रिंगवरचा नंबर वाचून किंवा माप घेऊन बेअरिंग मिळतं. फक्त जुन्या इंग्लिश यंत्रात मापं इंचात असतात, हे दुकानदाराला आधीच सांगा.

खरा निर्णय सिलिंडरवर होतो. दोन्ही टोकांना कॅलिपर लावून व्यास मोजा. फरक दिसला तर सिलिंडर एका बाजूला निमुळता झालाय आणि ग्राइंडिंग करावं लागेल. पात्यांची उंची पुरेशी उरली असेल तर ते शक्य आहे. पाती झिजून आधाराच्या चकत्यांपर्यंत आली असतील, तर त्या युनिटचा फक्त सुट्या भागांसाठी उपयोग. आमच्या तीनपैकी एक असंच निघालं. कधीतरी कोणत्या तरी कारखान्यात त्याच्या तुटलेल्या पात्यावर वेल्डिंगचा जाड थर चढवला होता. त्या उष्णतेने बाजूचं पातंही वाकलं होतं. ते पाहून खरंच वाईट वाटलं, कारण मूळ यंत्र फार सुबक होतं.

बॉटम ब्लेड झिजलेली असेल तर घाबरू नका. तो बदलायचाच भाग आहे. तयार मिळाली नाही, तर मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टूलरूममध्ये जुनी पट्टी नमुना म्हणून द्या. चांगलं पोलाद, योग्य हार्डनिंग आणि शेवटी सरफेस ग्राइंडिंग, या तिन्ही गोष्टी स्पष्ट सांगून घ्या. बिडाच्या फ्रेमला तडा असेल, तर ती बीड जोडणाऱ्या अनुभवी माणसाकडेच न्या.

माझं मत सरळ आहे. तीनपैकी दोन सिलिंडर चांगले असतील आणि मैदान सपाट, बिनखड्यांचं असेल, तर दुरुस्त करा. दोन सिलिंडर गेले असतील, तर मन घट्ट करून सोडून द्या.

सोडून दिलं तर काय घ्यावं

ट्रॅक्टर आहे आणि कापणी अनियमित होते, तर मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर चालणारा फिनिशिंग मोवर, म्हणजे मैदानासाठीचा रोटरी मोवर, घ्या. वाढलेलं गवत तो सहन करतो. पाती बोथट झाली की गवताचे शेंडे फाटतात आणि मैदान तपकिरी दिसतं, म्हणून धार वेळेवर लावा. खडे उडतात, तेव्हा मुलांना लांब ठेवा. स्लॅशर (रान कापायचा जाड पात्याचा रोटरी) पडीक जमिनीसाठी ठीक, खेळाच्या मैदानावर नको. ब्रश कटर कडा, नाल्या आणि झाडांच्या बुंध्याशी लागतोच, पण सगळं मैदान त्याने कापलं की जागोजागी टक्कल पडतं. हायड्रॉलिक रील मोवर (तेलाच्या दाबाने सिलिंडर फिरवणारा) उत्तम. मात्र सुटे भाग आणि मेकॅनिक गावात आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा.

दुरुस्ती करायची ठरली तर

एका वेळी एकच युनिट उघडा. दुसरं जोडलेलं ठेवलं की नमुना समोर राहतो. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. गंजलेल्या नटांवर रात्रभर डिझेल सोडा, पान्यावर पाइप चढवून जोर लावू नका. गिअरबॉक्स रॉकेलने धुवा, ऑइल सील नवीन घाला, चाकातले खटके आणि त्यांच्या स्प्रिंगा तपासा. खटका अडकला की सिलिंडर मध्येच बंद पडतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

ग्राइंडिंग झाल्यावर लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून पाती आणि बॉटम ब्लेड एकमेकांवर घासून धार जुळवणं. गिअरपासून सिलिंडर सुटा करा, पात्यांवर लांब दांड्याच्या ब्रशने कार्बोरंडमची पेस्ट लावा आणि सिलिंडर उलट्या दिशेने फिरवा. खरखरीचा आवाज सगळीकडे सारखा आला की थांबा. पेस्ट पूर्ण धुवून काढा. राहिली तर ती धार खात राहते.

आता सगळ्यात नाजूक काम. वर्तमानपत्राची पट्टी सिलिंडर आणि बॉटम ब्लेडच्या मध्ये धरा, दुसऱ्याने लाकडी काठीने सिलिंडर सावकाश फिरवावा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि प्रत्येक पात्यावर कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. दुमडला तर त्या बाजूचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, मग दुसरी बाजू पुन्हा तपासा. घट्ट करून कट मिळवायचा मोह होतो, पण घट्ट सिलिंडर तापतो आणि लवकर झिजतो. आम्हाला पहिल्या युनिटला अख्खी दुपार लागली, दुसरं चाळीस मिनिटांत झालं.

पुढच्या आणि मागच्या रोलरखाली सरळ पट्टी धरून तिथून बॉटम ब्लेडपर्यंत उंची मोजा. सगळी युनिटं एकाच मापावर हवीत. सुरुवात २५ मिलिमीटरवर करा, आउटफिल्डसाठी काही आठवड्यांत हळूहळू खाली या. रस्त्यावरून नेताना सिलिंडरचा गिअर सोडवायला विसरू नका.

पहिल्या फेरीआधी मैदान पायी फिरून खडे, खिळे, बाटल्यांची झाकणं उचला. एक खिळा अख्खं लॅपिंग वाया घालवतो. कापून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यावर बसा आणि हरळीचं एक पातं नखावर आडवं धरा. शेंडा सरळ कापलेला आणि हिरवा असेल तर जुळणी बरोबर आहे. पांढरट धागे लोंबत असतील, तर वर्तमानपत्र घेऊन पुन्हा शेडकडे चला.